लष्करी रायफलीची शिकारी रायफल

युद्ध संपलें म्हणजे सैनिक घरोघर परततात. त्यांच्या हातांतल्या शस्त्रांचें पुढें काय होतें, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. तोफा वितळविल्या जातात, जहाजें मोडींत निघतात. रायफल मात्र इतक्या सहजासहजीं मरत नाहीं. तिच्या दस्त्याचें लांकूड फुटतें, नळीच्या आंतले पेचदार चर झिजून जातात. परंतु या दोहोंना जोडणारा पोलादाचा जो गाभा असतो, तो पन्नास काय, शंभर वर्षांनींहि पुष्कळदां होता तसाच असतो. या गाभ्याला नवी नळी व नवा दस्ता चढवून त्यांतून शिकारीची किंवा नेमबाजीची रायफल घडविण्याची एक स्वतंत्र कारागिरी विसाव्या शतकांत युरोपांत, आणि विशेषेंकरून अमेरिकेंत, भरभराटीस आली. बाहेरून पाहणाऱ्याला ती सुतारकाम आणि लोहारकाम यांची सुबक जोड वाटते. वस्तुतः तिचा कस निराळ्याच ठिकाणीं लागतो. समोर असलेलें पोलाद आंतून कसें आहे हें ओळखणें, आणि पुष्कळदां ‘हें नको’ असें म्हणून तें बाजूला ठेवणें, हें या कारागिराचें पहिलें व सर्वांत अवघड काम होय.

हा गाभा म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. इंग्रजींत त्याला ‘अॅक्शन’ म्हणतात. त्याचे मुख्य भाग दोन: रिसीव्हर आणि बोल्ट. रिसीव्हर म्हणजे पोलादाचें एक पोकळ घर; त्याच्या तोंडाशीं नळी आट्यांनीं घट्ट बसविलेली असते. बोल्ट म्हणजे त्या घरांत मागेंपुढें सरकणारा दांडा. जुन्या वाड्याच्या दरवाजाला आंतून जसा अडसर असतो, तसाच हा अडसर समजावा. मुठीनें तो पुढें ढकलला कीं काडतूस नळीच्या मुळाशीं असलेल्या कोठींत जाऊन बसतें. मूठ खालीं वळविली कीं बोल्टच्या टोकाशीं असलेल्या दोन जाड खुंट्या रिसीव्हरच्या आंतल्या खोबणींत अडकतात, आणि दार बंद होतें. मग चाप ओढल्यावर कोठींत जो दाब उत्पन्न होतो, तो अमेरिकन सैन्यानें १९०६ सालीं स्वीकारलेल्या .३० काडतुसांत दर चौरस इंचाला ५०,००० पौंडांच्या घरांत जातो. मोटारीच्या चाकांतल्या हवेचा दाब तीस-पस्तीस पौंड असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा अर्थ कळेल. नेम धरणाराचा डोळा त्या दाबापासून जेमतेम वीतभर अंतरावर असतो, आणि दोहोंच्या आड असतें तें केवळ हें एक दार.

या दाराचा सर्वांत यशस्वी नमुना जर्मनींतील वुर्टेंबर्ग प्रांतांत, नेकार नदीच्या कांठच्या ओबर्नडॉर्फ या लहानशा गांवीं तयार झाला. पौल मौझर (१८३८–१९१४) याचे वडील तेथल्या सरकारी शस्त्रशाळेंत बंदुका घडविण्याचें काम करीत, आणि मुलानेंहि तोच धंदा उचलला. जवळजवळ तीस वर्षें एकामागून एक नमुने सुधारीत गेल्यावर त्याची जी रायफल सिद्ध झाली, ती जर्मन सैन्यानें १८९८ सालीं स्वीकारली. पुढच्या दोन मुख्य खुंट्या दगा देतील तर बोल्ट मागें येऊं नये, म्हणून तिच्यांत मागच्या बाजूस तिसरी खुंटी ठेवलेली आहे. काडतुसाचें पितळ फाटलें तर तापलेला वायु डोळ्याकडे न येतां बाजूनें निघून जावा, म्हणून बोल्टला भोंकें पाडलेलीं आहेत. बोल्टच्या अंगाला असलेली लांब पोलादी नखी काडतुसाची कड पेटींतून वर येतांच पकडते, आणि तें बाहेर फेकलें जाईपर्यंत सोडीत नाहीं. त्यामुळें घाईंत किंवा आडव्यातिडव्या स्थितींत एकावर एक दोन काडतुसें अडकण्याची भीति राहत नाहीं. सैनिकाला जी सोय रणांगणावर हवी होती, तीच चवताळलेल्या जनावरासमोर उभ्या राहिलेल्या शिकाऱ्यालाहि हवी होती. या रायफलीच्या दुसऱ्या जन्माचें बीज येथेंच आहे.

परंतु मौझरच्या यशांत आकृतीइतकाच पोलादाचाहि वांटा होता. त्याच्या कारखान्यांत रिसीव्हरसाठीं कार्बनचें प्रमाण कमी असलेलें साधें, मऊ पोलाद वापरीत, आणि घडून झाल्यावर त्याची केवळ वरची त्वचा कडक करीत. चांगल्या कोयत्याची धार कडक आणि पाठ मऊ असते, म्हणून तो झिजतहि नाहीं आणि घाव घालतांना मोडतहि नाहीं. तोच हा न्याय. वरची कडक त्वचा घासण्यापासून बचाव करते, आंतला मऊ गाभा धक्का सोसतो. असल्या रिसीव्हरवर प्रमाणाबाहेर दाब आला तर खुंट्यांच्या खोबणी किंचित् दबतात, बोल्ट जड चालूं लागतो, आणि कारागिराला वेळींच सूचना मिळते. जें पोलाद आंतबाहेर सारखेंच कडक व ठिसूळ असतें, तें मात्र अशी कोणतीच सूचना देत नाहीं. तें शेवटच्या क्षणापर्यंत निर्दोष दिसतें, आणि मग कांचेसारखें फुटतें.

या भेदाची किंमत अमेरिकेनें मोजली आहे. १९०३ सालीं अमेरिकन सैन्यानें स्प्रिंगफील्ड नांवाची नवी रायफल स्वीकारली. तिची रचना मौझरच्या रचनेशीं इतकी मिळतीजुळती होती कीं अमेरिकन सरकारला त्या हक्कांबद्दल मौझर कंपनीला २,००,००० डॉलर द्यावे लागले. ही रायफल देखणी व नेमकी होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं अधिकारावर असतांनाच सरकारी शस्त्रशाळेकडून तिच्यावर शिकारी दस्ता चढवून घेतला, आणि १९०९ सालच्या आफ्रिकेच्या सफरींत ती बरोबर नेली. तें पाहून पुष्कळांना तसलीच रायफल हवीशी वाटूं लागली. न्यूयॉर्कमधील सेमूर ग्रिफिन हा फर्निचर घडविणारा सुतार त्यांपैकींच एक. त्यानें आपल्या स्प्रिंगफील्डसाठीं स्वतः दस्ता कोरला, मग मित्रांसाठीं कोरले, आणि १९२३ सालीं जेम्स हाउ या यंत्रकारागिराशीं भागी करून ‘ग्रिफिन अँड हाउ’ ही पेढी काढली. पुढें ती या कलेंत नामांकित झाली.

परंतु मध्यंतरीं, १९१७ सालीं, एक भयंकर गोष्ट उघडकीस आली होती. स्प्रिंगफील्ड रायफलींचे कांहीं रिसीव्हर गोळी झाडतांना फुटून त्यांचे तुकडे उडाले. चौकशी झाली, तेव्हां दोष भट्टीशीं सांपडला. लाल झालेल्या पोलादाची उष्णता मोजण्याचें साधन तेथें नव्हतें. अनुभवी कामगार रंग पाहून ‘आतां झालें’ असें ठरवीत. हे लोक मुरलेले होते, कामचुकार नव्हते. पण ढगाळ दिवशीं जो रंग तांबडालाल दिसे, तोच स्वच्छ उन्हांत फिका दिसे. म्हणून उन्हाच्या दिवशीं लोखंड अधिक तापविलें जाई. उष्णतामापक यंत्रें बसविल्यावर असें आढळलें कीं हा फरक फॅरनहीटच्या ३०० अंशांपर्यंत जात होता. एवढ्या तापांत पोलाद ‘जळतें’. त्याचे कण मोठे व सैल होतात. आकाशांत ढग होते कीं ऊन, यावर एखाद्या अनोळखी सैनिकाचा डोळा अवलंबून राहिला होता.

१९१८ च्या प्रारंभीं पद्धत बदलली, आणि पोलादाला दोनदां उष्णसंस्कार देण्यास सुरुवात झाली. परंतु तोंवर स्प्रिंगफील्ड येथें सुमारें ८,००,००० आणि रॉक आयलंड येथें सुमारें २,८५,००० रायफली तयार झाल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक चांगल्याच होत्या. कोणत्या वाईट, हें मात्र सांगतां येत नव्हतें. ज्युलियन हॅचर या सेनाधिकाऱ्यानें १९४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत १९१७ ते १९२९ या काळांत फुटलेल्या ६८ रिसीव्हरांची नोंद दिली आहे. दहा लाखांच्या मानानें हा आंकडा लहान वाटेल. परंतु ज्याच्या गालाशीं ती रायफल असेल, त्याला सरासरीचा काय उपयोग? विशेष म्हणजे या सर्व रायफली कारखान्यांतून बाहेर पडण्यापूर्वीं ७०,००० पौंड दाबाच्या काडतुसानें तपासलेल्या होत्या. परीक्षेंत त्या उत्तीर्ण झाल्या होत्या. स्थिर वाढणारा ताण त्यांनीं सोसला. पुढें कधीं काडतुसाचें पितळ फाटून वायूचा आकस्मिक आघात झाला, तो मात्र त्यांना सोसवला नाहीं. त्यांना पुन्हां तापवून सुधारण्याचे प्रयोगहि झाले. परंतु जळलेल्या पोलादाला पहिला गुण परत येत नाहीं, असेंच ठरलें.

म्हणून या धंद्यांतला जाणता कारागीर रिसीव्हर हातांत आल्याबरोबर त्याची सुबकता पाहत नाहीं. तो अगोदर त्यावरचा अनुक्रमांक वाचतो. स्प्रिंगफील्डचा अंक ८,००,००० च्या खालीं असेल, तर तो तें काम परत करतो. गिऱ्हाईक म्हणतें, ‘आजोबांनीं हिच्यांतून हजार गोळ्या झाडल्या.’ कारागीर उत्तर देतो कीं, हजार गोळ्या झाडल्या म्हणजे पुढची सुरक्षित झाली असें नाहीं. मौझर असेल तर तो तिचें साल व जन्मस्थान पाहतो. १८९८ पूर्वींच्या नमुन्यांत तिसरी खुंटी नसते, म्हणून त्यांना तो जोरदार काडतुसांच्या वाटेला जाऊं देत नाहीं. अर्जेंटिनासाठीं १९०९ च्या नमुन्याप्रमाणें बनविलेल्या, किंवा दोन महायुद्धांच्या मधल्या शांततेच्या काळांत चेकोस्लोव्हाकियांतील ब्र्नो येथें तयार झालेल्या रिसीव्हरांना त्याच्या दृष्टीनें मान अधिक. कारण ते सवडीनें घडविलेले आहेत. १९४४-४५ मधल्या, बाँबवर्षावाखालीं घाईघाईनें काढलेल्या मालावर यंत्राचे ओरखडे तसेच राहिलेले दिसतात. त्याची तो दुप्पट परीक्षा करतो. कडकपणा मोजण्याचें यंत्र आणि लोहचुंबकाच्या साहाय्यानें बारीक भेगा दाखविणारी पद्धत, हीं साधनें आज त्याच्या मदतीला आहेत. डोळ्यावर विसंबल्यानें जें घडलें, त्यांतून हा धडा मिळाला आहे.

जुनी नळी काढतांनाहि धोका असतो. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेंत १९१७ च्या नमुन्याच्या वीस लाखांहून अधिक एन्फील्ड रायफली तयार झाल्या. त्यांपैकीं एडीस्टोन येथील कारखान्यांत नळ्या इतक्या जोरानें आवळल्या होत्या कीं त्या उलगडतांना रिसीव्हरलाच सूक्ष्म भेग पडावी. सावध कारागीर अशा वेळीं अगोदर लेथवर नळीचा खांदा कापून तिची पकड ढिली करतो. नळी गेली तरी चालेल, रिसीव्हर राहिला पाहिजे.

नवी नळी बसवितांना प्रश्न येतो तो हेडस्पेसचा. कोठींत काडतूस जेथें टेंकतें ती जागा आणि बंद झालेल्या बोल्टचें तोंड, यांच्यामधलें हें अंतर. तें गरजेपेक्षां कमी असेल तर दार लागणार नाहीं; अधिक असेल तर स्फोटाच्या वेळीं पितळाला मागें ताणण्यास वाव मिळतो, आणि तें तळाशीं फाटतें. योग्य व अयोग्य यांत इंचाच्या चार-सहा हजारांश एवढेंच अंतर असतें. मनुष्याच्या केसाची जाडी साधारण तीन हजारांश इंच धरली, तर सगळा फरक दोन केसांचा. हें काम अंदाजानें होत नाहीं. त्यासाठीं दोन पोलादी मापें असतात. एका मापावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर होतां कामा नये.

यानंतर लष्करी सवयी मोडण्याचें काम येतें. जुन्या मौझरची मूठ आडवी, सरळ असते. दुर्बीण बसवावयाची तर ती खालीं वळवावी लागते. मूळची संरक्षक कळ वर उभी राहते व दुर्बिणीला अडते, म्हणून तीहि बदलतात. दुर्बिणीसाठीं रिसीव्हरच्या माथ्यावर भोंकें पाडतांना तीच कडक त्वचा गिरमिटाला दाद देत नाहीं, आणि उतावळा मनुष्य तेथें ताप देऊन ती मऊ करूं पाहतो. हा मोह घातक होय. खुंट्यांच्या खोबणीपर्यंत ताप पोंचला, तर मौझरनें पोलादाला जें दिलें तें सगळें त्या एका क्षणांत निघून जातें. तशीच गोष्ट लांब काडतुसांची. त्यांच्यासाठीं पेटी वाढवावयाची म्हणून खालच्या खुंटीच्या मागचें पोलाद कापलें, तर ज्या भिंतीवर दाराचा भार आहे तीच भिंत पोखरल्यासारखें होतें.

दस्ता करण्याचें काम सर्वांत शांत, आणि प्रेक्षणीयहि. वर्षानुवर्षें वाळविलेलें अक्रोडाचें लांकूड त्यासाठीं निवडतात; ओलसर लांकूड पुढें वांकतें आणि नळीला ढकलून नेम बिघडवितें. रिसीव्हरच्या अंगाला काजळी फांसून तो लांकडांत दाबतात व पुन्हां उचलतात. जेथें काळा ठसा उमटतो, तेथें लांकूड उंच आहे. पटाशीनें तेवढाच पापुद्रा काढतात, पुन्हां काजळी, पुन्हां ठसा. असें शेंकडों वेळां केल्यावर लोखंड व लांकूड यांच्यामध्यें कागदहि शिरणार नाहीं अशी बैठक साधते. आतां या बैठकीखालीं कृत्रिम राळेचा थर देण्याची चाल पडली आहे. हवेंतल्या ओलाव्याचा त्यावर परिणाम होत नाहीं. तरीहि काजळीची रीत सुटलेली नाहीं, कारण चूक कोठें आहे हें ती बोटानें दाखविते.

रायफल तयार झाली म्हणजे तिची परीक्षा कोणी घ्यावयाची, याविषयीं देशादेशांत फरक आहे. इंग्लंडांत लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ सालीं सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ सालीं स्थापन झालें. तेथें नवी नळी चढविलेली रायफल जास्त दाबाच्या काडतुसानें तपासून, तिच्यावर छाप उमटल्याशिवाय विकतां येत नाहीं. अमेरिकेंत असें सक्तीचें सरकारी परीक्षागृह नाहीं. तेथें सगळा भार कारागिराच्या सचोटीवर. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरच्या जुन्या लष्करी रायफली तेथें टपालानें अगदीं स्वस्तांत मिळूं लागल्या, आणि घराघरांतून हौशी लोक त्या कापूं-तासूं लागले. १९६३ सालीं राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वधासाठीं वापरलेली रायफलहि अशीच टपालानें मागविलेली जुनी इटालियन लष्करी रायफल होती. १९६८ च्या कायद्यानें हा टपालाचा व्यापार बंद केला, आणि परदेशी लष्करी मालाच्या आयातीवरहि बंधनें आलीं.

भारताचाहि या कथेशीं संबंध आहे. कुमाऊंच्या जंगलांत नरभक्षक वाघांचा पाठलाग करणारे जिम कॉर्बेट यांना, १९०७ सालीं चंपावतची वाघीण मारल्याबद्दल, संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनीं जी .२७५ रायफल भेट दिली, ती लंडनच्या रिग्बी या पेढीची होती. परंतु तिचा गाभा मौझरचाच होता. पुढें देशांत निराळ्याच कारणानें एक लष्करी गाभा नागरी झाला. .३०३ हें सैन्याचें काडतूस असल्यामुळें तें खासगी इसमांना निषिद्ध होतें. म्हणून बंगालमधील इशापूरच्या कारखान्यांत ली-एन्फील्ड रायफलीचाच गाभा घेऊन, ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मॅनलिकर काडतुसाच्या जातीच्या .३१५ काडतुसासाठीं, नागरी रायफल तयार करण्यांत आली. शेताच्या राखणीला व स्वसंरक्षणाला खेड्यापाड्यांतून तीच पोंचली. १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें भारतांत शस्त्र बनविणें किंवा त्याचें रूपांतर करणें परवान्याशिवाय गुन्हा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा अध्यायहि मिटला. त्यामुळें ही कारागिरी येथें घरगुती छंद कधीं झाली नाहीं.

ज्या देशांत ती छंद झाली, तेथेंहि आतां वारें फिरलें आहे. एके काळीं पिंपांत भरून विकल्या जाणाऱ्या रायफली आज संग्राहक मोठ्या किंमतीनें घेतात, त्याहि मूळ स्थितींत असल्या तरच. ज्या दस्त्यावर सैनिकांच्या हातांचे घट्टे आहेत आणि ज्या पोलादावर कारखान्याचे छाप सलग आहेत, ती रायफल कापणें म्हणजे ताम्रपटाचें भांडें करण्यासारखें आहे, असें विचारी कारागीर मानूं लागले आहेत. ते आतां पूर्वींच कोणीतरी कापलेली, छाप खरवडलेली, दस्ता हरवलेली रायफल शोधतात, आणि तिच्यांतला गाभा उचलतात. जें आधींच नासलें आहे, त्याला रूप द्यावें. जें अभंग आहे, त्याला हात लावूं नये.

चांगल्या रायफलीचें मोल तिच्या अक्रोडाच्या रेषांवरून किंवा निळ्या झिलईवरून ठरत नाहीं. तें ठरतें कारागिरानें बाजूला ठेवलेल्या त्या रिसीव्हरांवरून, जे सुबक होते, स्वस्त होते, गिऱ्हाइकाला हवे होते, आणि तरीहि त्यानें नाकारले. त्या नकारामुळें कोणाचा डोळा वांचला, हें वांचलेल्या माणसाला कधीं कळत नाहीं.